अठ्ठावीस आटे

चावी म्हणजे तिजोरीची नव्हे.
माझ्या उंचीची लोखंडी दांडी, वर आडवी मूठ.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, दांडी आत सोडायची
आणि मोजायचं. पूर्ण उघडायला अठ्ठावीस आटे.
पहाटे तीन चाळीसला मानखुर्द,
चार दहाला खाडीकडची वस्ती.
एकवीस वर्षं मी पाणी सोडतो
आणि बंद करतो.
बंद करतो, हे कुणी सांगत नाही.

त्या वर्षी आमच्या प्रभागातून उभी राहिली
कुंभेरी संस्थानची हैमवतीराजे.
वय सत्तावीस. पायात रबरी चपला,
त्याही नव्या, म्हणून चावणाऱ्या.
पोरं मागून तोफेचे आवाज काढायची,
तिच्या पणजोबांना नऊ तोफांची सलामी होती म्हणे.
ती थांबायची, मोजायची,
"सातच झाल्या," म्हणायची.
दोनशे बारा मतांनी आली निवडून.
आम्ही म्हटलं, आता फोटो, मग गाडी,
मग गाडीच्या काचा वर.

एका पहाटे व्हॉल्वपाशी उभी.
एकटी. हातात वही.
"शेवटच्या गल्लीत पाणी का चढत नाही, खरात?"
म्हटलं, प्रेशर.
प्रेशर हा आमच्या खात्याचा देव,
त्याच्यावर काहीही ढकलता येतं.
ती म्हणाली, "अठ्ठावीसपैकी किती आटे फिरवता?"

एकोणीस फिरवायचो.
उरलेले नऊ टँकरवाल्याचे,
त्याचे मला महिन्याला दोन हजार.
मुलीच्या नर्सिंगच्या फीचे, असं मनात म्हणायचो.
फी भरून झाल्यावरही तेच म्हणायचो.

मग रागच आला. तिचा नाही,
कशाचा ते अजून कळलेलं नाही.
म्हटलं, बाईसाहेब, माझा आजा तुमच्याच कुंभेरीचा.
दुष्काळात तुमच्या पणजोबांनी तळं खोदलं,
खोदायला आमची माणसं,
आणि भरल्यावर घाटावर पहारा.
आजा एका रात्री घागर घेऊन गेला.
पाठीवर वळ घेऊन मुंबईला आला,
घागर तिथेच राहिली.

डंपिंगच्या अंगाला कुत्रं भुंकत होतं.
ती म्हणाली,
"पहारेकऱ्यांच्या पगाराची वही आमच्या कपाटात आहे.
महिना चार रुपये. खाली अंगठे."
माफी मागितली नाही. मागितली असती
तर मी ती ठेवली कुठे असती?

चावीला हात घातला तिनं.
तिसऱ्या आट्याला तळवे सोलले.
मग मी घेतली. एकोणिसावर हात सवयीनं थांबला.
ती बघत होती, वही मिटलेली.
वीस.
एकवीस.
चोविसाला खालच्या गल्लीत
कुणाच्या तरी हंड्यात आवाज झाला.

पुढच्या निवडणुकीत टँकरवाल्याच्या मेव्हण्यानं पाडली तिला.
माझी बदली मुलुंडला.
तिनं हत्तीवरचा चांदीचा हौदा विकला
आणि वस्तीत दोन हौद बांधले,
उरलेल्यात एक पत्र्याचा दवाखाना, छातीच्या आजारांचा.
भावानं कोर्टात खेचलंय, तारखा चालू आहेत.
डंपिंग पेटलं तेव्हा ती तिथेच होती,
तोंडाला ओला पंचा, कडेवर कुणाचंतरी पोर,
आणि खोकत फोनवर कुणाला तरी शिव्या देत होती.
शिव्या मात्र अस्सल, वस्तीतल्याच.

गेल्या महिन्यात पाकीट आलं तिचं.
त्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स, चिठ्ठी नाही.
पहारेकरी, घाट पूर्वेचा, चार नावं.
तिसऱ्या ओळीत खरात.
पुढे अंगठा, शाई पसरलेली.

आज्यानं हे कधी सांगितलं नाही.
मुलगी म्हणाली, दाखवा ना बाबा, काय आहे.
मी कागद घडी करून
ड्यूटीच्या खिशात ठेवला.
मुलुंडचा व्हॉल्व बत्तीस आट्यांचा आहे.
तीन चाळीसला निघावं लागतं.